नमुन्याचे तोंड घट्ट बंद करावे

खैरटाकळीत रामरावाला कुणी नावानं हाक मारली, तर मारणारा एकतर पोस्टमन असायचा नाहीतर परगावचा. बाकी सगळ्यांसाठी तो 'नमुना'. संग्रामपूर तालुक्यात नमुने काही कमी पिकत नाहीत, पण रामरावाचं वाणच वेगळं होतं. हा माणूस जग डोळ्यांनी पाहायचा नाही, जिभेनं चाखायचा. पेरणीआधी मातीचं ढेकूळ चाटून यंदा तूर साधणार की नाही ते सांगायचा. मागच्या निवडणुकीत बोटाला लावलेली शाई त्यानं तिथल्या तिथं चाटली आणि केंद्रावरच्या साहेबाला म्हणाला, "साहेब, यंदाची पातळ हाय." साहेबानं वहीत काय लिहिलं देव जाणे, पण गावानं त्याच दिवशी त्याचं नवीन बारसं करून टाकलं.

त्यात हा बैलांना 'तुम्ही' म्हणणारा. चाळीस वर्षं पोळ्याला अख्ख्या गावाच्या बैलांची शिंगं रामरावच रंगवत आला होता. "मान जरा इकडं करता का, भाऊ?" असं तो बैलाला विचारायचा आणि बैल करायचा. सरपंचाला मात्र अरे-तुरे. ब्रशला टोक आणायला तो ब्रश तोंडात धरायचा. त्यामुळं चाळीस वर्षांत त्याच्या पोटात जेवढा रंग गेला तेवढा कुणाच्या दाराखिडक्यांनाही लागला नसेल. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

तर भानगड झाली ती टाकीवरून. गोकुळ सरपंच झाला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता आणि त्याला फोटोंचा भारी सोस. स्वच्छ गावाच्या स्पर्धेत समितीनं पाण्याच्या टाकीचा आतून फोटो मागितला. टाकी आतून सिमेंटची, काळपट, टाकी असते तशी. गोकुळच्या मनाला काही ते पटेना. "पाणी निळं दिसलं पाह्यजे बे!" म्हणाला, आणि दारांना लावायचा निळा तैलरंग आणून त्यानं टाकी आतून रंगवून काढली. फोटो झकास आला. गावाचा तिसरा नंबर लागला, पंचायतीच्या भिंतीवर ढाल टांगली गेली. डब्यात थोडा रंग उरला होता, तो गोकुळनं मोठ्या मनानं रामरावाला देऊन टाकला. म्हणाला, "घे, पोळ्याले शिंगाइले लाव."

रामरावानं लावला. ब्रश तोंडात धरधरून लावला. पोळा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा पाडवा झाला, महिना गेला, आणि एका सकाळी नळाचं पाणी पिता पिता रामराव थांबला. घोट तोंडात घोळवला. मग बायकोला, तानुबाईला म्हणाला, "अवं, ह्या पाण्यात पोळा हाय."

"पोळा होऊन म्हैना झाला," तानुबाई म्हणाली. "गुपचाप प्या."

पण रामराव गुपचाप पिणाऱ्यातला नव्हता. चार ग्रामसभांमध्ये उभा राहून त्यानं सांगितलं की टाकीचा रंग सुटून राह्यला, पाण्यात उतरून राह्यला. चारही वेळा लोक हसले. गोकुळनं काचेच्या ग्लासात पाणी धरून दाखवलं, "सांगा, कोठी हाय निळं?" पाणी लख्ख होतं. डोळ्यांना दिसत नाही ते नाहीच, असं गावाचं साधं गणित. शेवटी रामराव एकटाच बुद्धविहारामागच्या विहिरीवरून कळशी भरून आणू लागला. ती विहीर बौद्धवाड्यातल्या लोकांनी त्यांच्या आज्यांच्या काळी स्वतः खोदलेली, कारण तेव्हा गावच्या विहिरीवर त्यांना कुणी चढू देत नव्हतं. गावचीच विहीर पुढं आटली आणि यांचीच राहिली, हा भाग वेगळा.

तानुबाई मात्र ऐकेना. "साऱ्या गावाले चालते ते मले चालते," म्हणायची आणि नळाचंच प्यायची. दिवाळीपासून तिच्या पोटात मुरडा धरू लागला. चुलीपुढं बसल्या बसल्या ती पोट दाबून वाकायची आणि रामरावाचं काळीज तुटायचं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि सांगितलं, भरपूर पाण्यासोबत घ्या. ती भरपूर नळाच्याच पाण्यासोबत घ्यायची! रामराव कळशी पुढं करायचा, ती तोंड फिरवायची. बायको डोळ्यांदेखत रंग पिऊन राहिली आहे आणि आपलं कुणी ऐकत नाही, ती स्वतःही ऐकत नाही, या दुःखानं म्हातारा आतल्या आत खंगला. बरं, बोलायचं कमी केलं म्हणता? छे! दुप्पट बोलू लागला.

अशात श्रावणात खामगावच्या एका कॉलेजातून पंचायतीला पत्र आलं. ग्रामसेवकानं त्याचा फोटो काढून 'आपलं खैरटाकळी' या ग्रुपवर टाकला. पत्राच्या वरच्या भागावर त्यानं चहाचा कप ठेवला होता, तो उचलायचा कंटाळा केला, म्हणून फोटोत खालचा भागच आला. गावानं वाचलं ते असं: 'प्रत्येक गावाने आपला एक नमुना मंगळवारी सकाळी अकरापर्यंत प्रयोगशाळेत आणून द्यावा. नमुना गावाचे खरे दर्शन घडवणारा असावा. आधी तीन वेळा विसळावा. काठोकाठ भरावा. नमुन्याचे तोंड घट्ट बंद करावे. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणावा. वाटेत हलवू नये. सोबत एक जबाबदार व्यक्ती असावी.'

एका मिनिटात एकोणचाळीस जणांनी एकच नाव टाकलं.

आता तुम्ही म्हणाल, एकालाही शंका आली नाही का? आली की. पण पत्राबद्दल शंका विचारली की दुसरं पत्र येतं आणि दुसऱ्याबद्दल विचारली की साहेब येतो, एवढं खैरटाकळीला अनुभवानं ठाऊक होतं. शिवाय शहरात आता माणसाचं काय काय तपासतात, रक्त काय, थुंकी काय, मग अख्खा माणूस का नाही? आणि 'तोंड घट्ट बंद करावे' वाचून तर सगळ्यांची खात्रीच पटली, की पत्र लिहिणारा रामरावाला ओळखतो.

रामरावाला राग यायला हवा होता. पण त्यानं पत्रातला एकच शब्द धरला, प्रयोगशाळा. "तपासू द्या मले," तो तानुबाईला म्हणाला. "माह्यासंगं पाणीबी तपासतीन." आणि खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन, तीत नळाचं पाणी भरून त्यानं बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. दुसऱ्या खिशात पोळ्याचा ब्रश, निळा रंग वाळलेला, तसाच.

मंगळवारी सकाळी गावानं पत्र बरहुकूम पाळलं. पिण्याजोगं नसलेल्या खाऱ्या पाण्याच्या हापशीवर नेऊन रामरावाला तीन वेळा विसळला. मग काठोकाठ भरायला बसवला. पिठलं, भाकरी, वर ताक. सहाव्या भाकरीला तो नाही म्हणाला तर गोकुळ म्हणाला, "काठोकाठ लिहेल हाय," आणि सहावी गेली. मग दुपट्ट्यानं तोंड बांधलं. गोणपाट भिजवून अंगाभोवती गुंडाळलं आणि पिकअपच्या मागं बसवलं. हलवायचं नाही म्हणून गोकुळनं पिकअप खामगावपर्यंत वीसच्या वर जाऊ दिली नाही. शेगावात तर लोकांनी ओल्या गोणपाटातला, तोंड बांधलेला, डोळे मिटून बसलेला म्हातारा पाहून हातच जोडले. मौन धरलेला कुणी मोठा माणूस दिसतो, अशी कुजबुज झाली आणि दोघांनी पिकअपमध्ये नारळ ठेवले. रामरावाला त्यांना सांगायचं होतं की बाबाहो, सहावी भाकर वर येऊन राह्यली. पण तोंड बांधलेलं.

प्रयोगशाळेच्या दारात चंद्रशेखर नावाचा मदतनीस कॉम्प्युटरवर नोंदी घेत बसला होता. हा माणूस नोंदीचा इतका पक्का की नोंदवताना समोर पाहायचाच नाही.

"गाव?"

"खैरटाकळी."

"नमुना?"

"हा काय," गोकुळ म्हणाला. "रामराव."

"रामराव," चंद्रशेखरनं टाइप केलं. "किती दिवसांचा?"

"अडुसष्ट वर्षांचा."

चंद्रशेखर जरा चमकला, पण बोटं थांबली नाहीत. "जुना आहे. गळतो का?"

गोकुळ खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. "वय झालं आता," तो म्हणाला. "कधीमधी."

चंद्रशेखरनं आठ नंबरचा स्टिकर काढला, हात लांब केला आणि समोर जे लागलं त्यावर चिकटवला. ते रामरावाचं कपाळ होतं. "तोंड उघडू नका, मॅडम उघडतील," म्हणाला. गोकुळनं रामरावाला आत नेऊन सात बाटल्यांशेजारी स्टुलावर बसवलं. जबाबदार व्यक्तीचं काम झालं म्हणून गोकुळ कचोरी खायला निघून गेला.

बाटल्यांकडं पाहून रामरावाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सातही गावांनी पाणी पाठवलं होतं. आपल्याच गावानं माणूस पाठवला. हसावं की रडावं हे ठरायच्या आत दार उघडून मॅडम आली, आणि ती निघाली महामाया. बौद्धवाड्यातल्या केसरबाईची लेक, पुण्याला शिकून मोठी झालेली, आता इथं यंत्र बांधून बसलेली.

"रामराव काका? तुमी?" तिनं दुपट्टा सोडला.

"पोरी," रामराव म्हणाला, "पाण्यात पोळा हाय."

सगळं ऐकता ऐकता महामाया हसून हसून टेबलावर वाकली. पत्र तिचंच होतं, वरच्या ओळीत 'पिण्याच्या पाण्याचा नमुना' असं ठळक लिहिलं होतं, नेमकं तेच चहाच्या कपाखाली गेलं. पण रामरावानं बंडीतून बाटली काढली, ब्रश काढला आणि तानुबाईच्या पोटाचं सांगताना त्याचा आवाज फुटला, तसं तिचं हसू थांबलं. "बसा काका," ती म्हणाली. "तुमच्यासमोरच पाहू."

तिनं बाटलीतलं पाणी बारीक जाळीतून गाळलं, जाळीवर राहिलं ते काचेवर घेऊन वाळवलं आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पडद्यावर कण दिसू लागले. चार, दहा, शंभर. रामराव ओरडला, "हे पाहा! हा रंग!"

"थांबा. नुसतं पाहून नाई कळत. ही माती असू शकते, शेवाळ असू शकते. इतक्या बारीक कणाचा रंगबी दिसत नाई. माणूस पाहून कळते का? मंग कण कसा कळंन?"

"मंग कसं कळते?"

"तापवून." ती यंत्राजवळ सरकली. "ह्यात दोन उजेड हायेत. एक डोळ्याले न दिसणारा, शेकोटीपाशी बसलं का अंगाले लागते ना, त्या कुळातला. तो कणाले झटक्याझटक्यानं चटका देते. चटका लागला का कण जराकसा फुगते. इतकासा, का केसाचे हजार भाग केले तरी एका भागापेक्षा कमी. दुसरा उजेड हिरवा. तो नुसता पाहते, फुगला का नाई फुगला. आता गंमत अशी, का प्रत्येक वस्तू आपल्या ठरलेल्या उजेडानंच तापते. माती एका, शेवाळ दुसऱ्या, रंग तिसऱ्या. मी उजेड बदलत जातो, अन् कोणता लागला का हा फुगते ते पाहतो."

रामराव तिच्याकडं पाहतच राहिला. "म्हणजे खोडी काढून पाहाची, कायचा राग येते!"

"हाव. तेच."

"पोरी, हे यंत्र तं आपल्या गावात पह्यलेपासून हाय," रामराव म्हणाला. "पारावर बसून तेच करतात. मले शिंगाइवरून चिडवा, म्या थंड. शाईवरून चिडवा, थंड. टाकी म्हणा, म्या भडकलोच समजा."

महामायानं उजेड लावला. मातीचा उजेड, कण थंड. शेवाळाचा उजेड, काही थोडे हलले, बाकी थंड. मग ती पुढं सरकत गेली आणि एका जागी पडद्यावरची सपाट रेघ एकदम उठून उभी राहिली. कण तापला होता. दुसरा घेतला, तोही तिथंच तापला. मग तिनं पोळ्याच्या ब्रशावरचा वाळका निळा रंग सुईनं खरवडून दुसऱ्या काचेवर घेतला आणि त्यालाही तोच चटका दिला. पुन्हा रेघ उठली. तिनं दोन्ही रेघा एकावर एक ठेवल्या. चढ तोच, टोक तेच, उतार तोच.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "पोळाच हाय."

रामरावाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वर्षभर जी जीभ गावाच्या हसण्याचा विषय झाली होती, ती एका यंत्रानं खरी ठरवली. त्यानं महामायाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग, सवयीनं, यंत्रालाही हात जोडून म्हणाला, "तुमचे लई उपकार झाले, भाऊ."

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण चंद्रशेखर होता ना! महामायानं त्याला सांगितलं, आठ नंबरचा अहवाल आजच पाठव, लाल शिक्का मारून. चंद्रशेखरनं पाठवला. एकदा चढलेली नोंद तो जीव गेला तरी बदलत नसे. दोन दिवसांनी पंचायतीत कागद आला: 'नमुना क्रमांक आठ. नाव: रामराव. वय: अडुसष्ट वर्षे. निष्कर्ष: नमुना दूषित. तैलरंगाचे सूक्ष्म कण मोठ्या प्रमाणात आढळले. नमुन्याचा वापर तात्काळ थांबवावा.' महामायानं स्वतः गोकुळला फोनही केला, की आठ नंबर फार दूषित आहे, वापर थांबवा.

"हाव मॅडम," गोकुळ म्हणाला. "आजच थांबवतो."

आणि थांबवला. रामरावाचा वापर थांबवला! ग्रामसभा भरली, अहवाल मोठ्यानं वाचला गेला. रामराव उठून बेंबीच्या देठापासून सांगत होता की तो नमुना म्हणजे टाकीचं पाणी, म्या नाही. गोकुळनं कागद उंच धरला. "ह्याच्यात टाकी लिहेल हाय का? नाई. रामराव लिहेल हाय. चाळीस वर्षं ब्रश चोखला या माणसानं, रंग नाई निंघन तं काय निंघन?" लोकांना ते पटलं. खरं सांगायचं तर गोकुळलाही मनातून पटलं, कारण न पटून त्याला ढाल काढावी लागली असती.

ठराव झाला. रामरावाचा सल्ला घ्यायचा नाही. पत्त्यांच्या डावाला बसवायचं नाही. यंदा पोळ्याला शिंगं त्याच्याकडून रंगवायची नाहीत. स्टँडवरच्या चहावाल्यानं तर स्वतःहून त्याचा कप वेगळा ठेवला, छपराच्या वाशाला अडकवून. बाजारातून येणारी केसरबाई तो कप पाहून उभीच राहिली. मग पिशवी सावरून पुढं गेली.

रामरावानं महामायाला फोन लावला. ती संतापली, म्हणाली, सोमवारी सुधारलेलं पत्र घेऊन स्वतः येते. "येऊ द्या दुसरं पत्र, मंग पाहू," हे कळल्यावर गोकुळ म्हणाला. सोमवारला चार दिवस होते. आणि आत चुलीपुढं तानुबाई पोट धरून वाकली होती, बाजूला नळाच्या पाण्यानं भरलेला तांब्या.

रामरावानं अहवाल मागून घेतला. पारावर एकटाच बसून अक्षर अक्षर लावून वाचला. तळाला बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती ग्रामसभेत कुणी वाचलीच नव्हती: 'दूषित नमुन्याचा ज्या साठ्याशी संपर्क आला असेल, तो साठा रिकामा करावा व आतून खरवडून स्वच्छ करावा.' त्यानं ती तीनदा वाचली. मग कागदाची घडी करून बंडीत ठेवली आणि चपला काढल्या.

सकाळी दहाची वेळ, सगळं गाव स्टँडवर. कुणीतरी वर बोट केलं. टाकीच्या शिडीवरून अडुसष्ट वर्षांचा म्हातारा धोतर खोचून चढत होता. वर जाऊन त्यानं झाकण सरकवलं, काठावर बसला आणि दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत आत सोडले.

"रामराव! काय करून राह्यला बे!" गोकुळ खालून ओरडला.

"पाय धुऊन राह्यलो!" रामराव वरून ओरडला. "म्या दूषित हाय ना? ठराव हाय ना तुमचा?"

"पाय काढ बाहेर! सारं गाव पिते ते पाणी!"

"मंग पेयजा! का म्या दूषित नाई? सांग तसं. म्हण, रामराव साफ हाय!"

गोकुळचं तोंड पाहण्यासारखं झालं. रामराव साफ म्हणावं, तर अहवाल टाकीवर जातो. दूषित म्हणावं, तर टाकी जाते. रामरावानं बंडीतून कागद काढला आणि तळाची ओळ सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी वाचून दाखवली. साठा रिकामा करावा. आतून खरवडावा. मग मांडी बदलून पाय पुन्हा आत सोडले. "लवकर सांगा," म्हणाला. "पाणी थंड हाय, मले सर्दी होते."

"दूषित हाय!" चहावाला ओरडला. "ठरलं ना एकदा!" आणि मग सगळेच ओरडू लागले, दूषित, दूषित. गोकुळनं कपाळावर हात मारला आणि टाकीचा वॉल्व्ह सोडायला सांगितला.

दुपारपर्यंत टाकी रिकामी झाली आणि अख्खं गाव कळश्या-हंडे घेऊन बुद्धविहारामागच्या विहिरीवर आलं. केसरबाई ओट्यावर बसली होती. तिनं कुणाला अडवलं नाही, फक्त "लायनीनं या," म्हणाली. मग कपाळाला आठ्या घालून जमलेल्या गर्दीकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या आज्यानं हात लावला होता तं पाणी बाटलं होतं. आता रामरावच्या पायानं बाटलं. चला, एवढ्या वर्षानं गावात समानता आली म्हणायची!" काही जण हसले, काहींनी माना खाली घातल्या. कळश्या मात्र सगळ्यांनीच भरल्या.

दुसऱ्या दिवशी टाकी खरवडायला चार माणसं आत उतरली. आतून निळे पापुद्रे घमेल्यांनी निघू लागले. एक घमेलं, दोन, पाच. पाराशेजारी ढीग लागला. गाव भोवती उभं राहून पाहत होतं. रामरावही पाहत होता. आता बोलतील, त्याला वाटलं, आता कुणीतरी बोलेल की म्हातारा खरा होता.

गोकुळनं एक पापुद्रा उचलला, उन्हात धरला. "पाहा बे," तो म्हणाला. "एका दिवसात किती रंग उतरला याच्या पायाचा! नसतं पाहिलं तं मेलो असतो आपण."

"बाप्पा!" चहावाला म्हणाला. आणि सगळं गाव रामरावाच्या पायांकडं पाहू लागलं.

रामराव तापला. कानाच्या पाळ्यांपर्यंत तापला. तोंड उघडलं. वर्षभर साठलेलं सगळं जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. तेवढ्यात टाकीतून आवाज आला, "अजून अर्धी बाकी हाय! खरवडू का राहू देऊ?"

आता आपण बोललो तर वाद होणार. वाद झाला तर सभा होणार. सभा झाली तर खरवडणं थांबणार, आणि अर्ध्या टाकीचा रंग पुन्हा तानुबाईच्या पोटात जाणार. हे रामरावाला तिथं, त्या ढिगाशी उभं राहून, स्वच्छ कळलं. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, स्वतःच्या हातानं तोंडावर बांधला आणि गाठ मारली. गोकुळनं वरच्या माणसाला ओरडून सांगितलं, "सगळी खरवडा!"

घरी आला तेव्हा त्याला इतकं वाईट वाटत होतं की बैलांशीही तो बोलला नाही. आयुष्यात एकदा खरं ठरायची वेळ आली होती, ती त्यानं आपल्या हातानं बांधून टाकली. तानुबाई ओसरीत बसली होती. तिनं स्वतः विहिरीवर जाऊन पाणी आणलं होतं. तिनं तांब्यातून एक घोट घेतला, तोंडात घोळवला, अगदी तो घोळवायचा तसा, आणि गिळला.

"याले रंग नाई लागत," ती म्हणाली.

रामरावानं दुपट्टा खाली ओढला. "तुले लागत होता?"

"पह्यल्याच दिवशी लागला. तुमच्याआधी."

"मंग वर्षभर बोलली काऊन नाई? पेली काऊन?"

"बोललो असतो तं दोघंबी नमुने झालो असतो," तानुबाई म्हणाली. "लोकाइनं मले दळायले, लग्नात पोळ्या लाटाले बोलावलं असतं का? भाकर कोणाच्या भरोशावर चालते या घरात? अन् तुमी तं बोलून राह्यलेच होते दोघाइच्या वाटचं." ती थांबली. पदरानं डोळे पुसले. "पण तुमच्या कळशीतलं प्यावं तं कोणीतरी पाह्यन, अन् गाव म्हणन, हिलेबी लागला रंग. मले भेव वाटे. तुमच्यासारकं नाई मी. घरात एकच नमुना परवडते."

त्याला तिचा राग आला. एक वर्ष, चार ग्रामसभा, आणि ही शेजारी बसून ऐकत होती. पण त्या रागाखाली दुसरंच काहीतरी हललं. वर्षभर या घरात आणखी एक जीभ खरं ओळखत होती, आपण एकटे नव्हतो, हे त्याला आत्ता कळलं, आणि छातीत कुठंतरी, केसाच्या हजाराव्या भागाएवढा, रामराव फुगला.

त्यानं तिच्या हातातून तांब्या घेतला आणि उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं.